मोटारसायकलचा क्लच घसरणे आणि ऑइल गळणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावरील उत्तरे मुख्यतः १०० ते २०० सीसीच्या, केबलवर चालणारा आणि इंजिन ऑइलमध्ये बुडालेला क्लच असलेल्या मोटारसायकलींसाठी आहेत, कारण आपल्याकडील रस्त्यांवर बहुतेक गाड्या याच प्रकारच्या आहेत. जुनी बुलेट, टू-स्ट्रोक गाड्या, कोरडा क्लच आणि हायड्रॉलिक क्लच यांचे प्रश्न वेगळे असल्याने त्यांची उत्तरे शेवटी स्वतंत्रपणे दिली आहेत.

क्लच घसरतो आहे हे नेमके कसे ओळखावे?

क्लच घसरतो तेव्हा इंजिनाचा आवाज वाढतो, पण त्या प्रमाणात वेग वाढत नाही. गाडी रेस होते पण उचलत नाही, अशी तक्रार लोक करतात ती हीच. सपाट रस्त्यावर, एकट्याने, हळू चालवताना हा दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो, कारण तेव्हा क्लचवर फारसा भार येत नाही. मागे माणूस बसवून चढ चढताना किंवा वरच्या गिअरमध्ये ओव्हरटेक करताना तो प्रथम जाणवतो.

तपासणीसाठी रहदारी नसलेला सरळ रस्ता निवडावा आणि इंजिन व्यवस्थित गरम झाल्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी ३५ ते ४० किलोमीटर वेगाने जाताना थ्रॉटल एकदम पूर्ण उघडावा. निरोगी क्लच असलेली लहान गाडी अशा वेळी थोडी कुंथते आणि मग सावकाश वेग घेते. इंजिनाचा आवाज आणि गाडीचा वेग एकाच चालीने वाढतात. घसरणाऱ्या क्लचमध्ये इंजिनाचा आवाज आधी झपकन वर जातो आणि वेगाचा काटा मागे रेंगाळतो. टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा) असेल तर हा फरक डोळ्यांनाच दिसतो. हीच चाचणी एखाद्या चढावर केली तर शंकेला जागा उरत नाही. मात्र ती दोन-तीन वेळांपेक्षा अधिक करू नये, कारण प्रत्येक वेळी प्लेटा (क्लचमधल्या, एकमेकींवर दाबून इंजिनाची ताकद पुढे पोचवणाऱ्या चकत्या) घासल्या जातात आणि तापतात.

पिकअप कमी होण्याची कारणे अनेक असतात. मग दोष क्लचचाच आहे असे कशावरून म्हणायचे?

फरक आवाजात आहे. एअर फिल्टर चोंदला असेल, कार्ब्युरेटरमध्ये कचरा असेल किंवा कॉम्प्रेशन गेले असेल, तर इंजिनाचा आवाजच वर चढत नाही आणि गाडी दबल्यासारखी चालते. ब्रेक चिकटून राहिला असेल तर गाडी ढकलताना जड लागते आणि ड्रम किंवा डिस्क हाताला गरम लागते. चेन आणि स्प्रॉकेट झिजून चेन दातांवरून उडी मारत असेल तर खडखडाट आणि झटका येतो. क्लच घसरताना मात्र झटका नसतो, सगळे कसे गुळगुळीत आणि निसटते असते. इंजिन मोकळे पळते आणि गाडी मागे राहते, एवढे निश्चित झाले तरच क्लचकडे वळावे.

क्लच घसरणे आणि क्लच न सुटणे यांत काय फरक आहे?

हे दोन दोष एकमेकांच्या उलट आहेत आणि त्यांची गल्लत फार होते. क्लच घसरतो तेव्हा प्लेटा एकमेकींना पुरेशा घट्ट धरत नाहीत. क्लच सुटत नाही तेव्हा लिव्हर पूर्ण दाबूनही प्लेटा वेगळ्या होत नाहीत. परिणामी सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर टाकताना मोठा ठोका बसतो आणि लिव्हर दाबलेली असतानाही गाडी पुढे सरकू पाहते. पहिल्या दोषात केबल बहुधा ताणलेली असते, दुसऱ्यात बहुधा ढिली. गॅरेजमध्ये गेल्यावर केवळ "क्लचचा प्रॉब्लेम आहे" एवढेच सांगितले तर समोरचा माणूस केबल नेमकी चुकीच्या दिशेने फिरवण्याची शक्यता असते. म्हणून लक्षण स्पष्ट शब्दांत सांगावे.

तपासणीची सुरुवात कुठून करावी?

हँडलवरच्या लिव्हरपासून. ज्या तपासणीला काही खर्च नाही आणि काहीही उघडावे लागत नाही ती आधी करावी, आणि इंजिनाचे कव्हर सर्वांत शेवटी उघडावे. लिव्हर अगदी हलक्या बोटाने ओढून पाहावी. प्रत्यक्ष जोर लागायला सुरुवात होण्यापूर्वी लिव्हरचे टोक बहुतेक गाड्यांत साधारण १० ते २० मिलिमीटर मोकळे हलले पाहिजे. नेमका आकडा त्या गाडीच्या मालक-पुस्तिकेत असतो. ही मोकळीक नसेल, तर आपण लिव्हरला हात न लावताही केबल क्लचला थोडासा उघडून धरते आणि स्प्रिंगांचा पूर्ण दाब प्लेटांवर पडत नाही.

हीच तपासणी हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून पुन्हा करावी. हँडल बदलले असेल, हँडल उंच करणारे रायझर बसवले असतील किंवा केबल टाकीखाली चुकीच्या वाटेने गेली असेल, तर एका बाजूला वळवताच मोकळीक नाहीशी होते. त्यानंतर इंजिनाकडच्या टोकाला केबल जिथे दांडीला जोडली जाते तिथे पाहावे. लिव्हर सोडल्यावर ती दांडी आपणहून पूर्ण मागे आली पाहिजे. केबलच्या आत गंज किंवा तुटलेल्या तारा असतील तर ती मध्येच अडकते. केबल सैल करून दांडी हाताने हलवून पाहिली की दोष केबलमध्ये आहे की कव्हरच्या आतल्या यंत्रणेत, हे मिनिटाभरात कळते.

झिजत जाणाऱ्या प्लेटांमुळे ही मोकळीक वेळोवेळी आपोआप बदलत असते. काही महिन्यांपूर्वी बरोबर लावलेली केबल आजही बरोबर असेल असे गृहीत धरू नये.

दोन बोटे कायम लिव्हरवर ठेवण्याची सवय खरोखर इतकी वाईट आहे का?

होय. बोटांचा नुसता भारही मोकळीक संपवायला पुरेसा असतो. पुण्या-मुंबईच्या गर्दीत, विशेषतः उड्डाणपुलाच्या चढावर, गाडी ब्रेकवर न धरता अर्ध्या क्लचवर तोलून धरणारे अनेक जण दिसतात. त्या अर्ध्या मिनिटात प्लेटा सतत घासत असतात. चढावर गाडी ब्रेकने धरावी आणि निघतानाच क्लच सोडावा.

केबल ठीक आहे. आता पुढे काय पाहावे?

ऑइल. आणि इथे जरा थांबून विचार करावा लागतो, कारण बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांनाही एकच ऑइल पुरते. कारमध्ये तसे नसते. तिथे क्लच सहसा कोरडा आणि वेगळा असतो. त्यामुळे कारच्या इंजिन ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायने घातली तर कारचे काहीच बिघडत नाही, उलट इंधन वाचते. तेच ऑइल मोटारसायकलमध्ये ओतले की ती रसायने क्लचच्या प्लेटांवर बसतात आणि जे घर्षण हवे असते तेच नाहीसे करतात.

याच कारणासाठी जपानमध्ये दुचाकींच्या ऑइलसाठी जासो टी ९०३ हे मानक तयार झाले. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असे लिहिलेले असेल तर ते ऑइल ओल्या क्लचसाठी योग्य आहे. जासो एमबी लिहिलेले ऑइल कमी घर्षणाचे असते. ते गिअर नसलेल्या स्कूटरसाठी चालते, गिअरच्या मोटारसायकलसाठी नाही. १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४० हे आकडे केवळ घट्टपणा सांगतात. ते जुळले म्हणून ऑइल जुळले असे होत नाही, आणि ही चूक भलेभले करतात. इंजिनाचे आयुष्य वाढवतात म्हणून मिळणाऱ्या बाटलीबंद मिश्रणांबाबतही हाच नियम आहे : ओल्या क्लचसाठी योग्य असल्याचे त्यावर स्पष्ट लिहिलेले नसेल तर ते घालू नये.

क्लच घसरणे आणि ऑइल गळणे एकाच वेळी सुरू झाले आहे. दोन्हींचे कारण एकच असेल का?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे. ओल्या क्लचच्या गाडीत बाहेर ठिबकणारे ऑइल क्लचला थेट घसरवत नाही, कारण प्लेटा मुळातच ऑइलमध्ये फिरत असतात. तरीही दोन्ही दोष एकत्र दिसतात तेव्हा त्यांच्यात अप्रत्यक्ष नाते असू शकते, आणि ते शोधल्याशिवाय केलेली दुरुस्ती फार काळ टिकत नाही.

सर्वांत जास्त आढळणारे नाते असे : ऑइल हळूहळू गळते, पातळी कमी होते, मालकाच्या ते लक्षात येते आणि तो हाताला येईल ते ऑइल वरून भरतो. माझ्या स्वतःच्या १२५ सीसी गाडीवर हेच घडले. किक शाफ्टच्या सीलमधून ऑइल पाझरत होते आणि पार्किंगच्या फरशीवर रोज रुपयाएवढा डाग पडत होता. घरात कारचे १०डब्ल्यू-३० ऑइल उरलेले होते. दोन महिन्यांत मी त्यातले चारशे मिलीच्या आसपास थोडे थोडे करून भरले. त्यानंतर कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाऊन परतताना, आंबा घाटाच्या चढाला, मागे सामान बांधलेले असताना गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये घसरायला सुरुवात केली. मागून ट्रक येत होता, आणि वेग वाढवायचा म्हणून थ्रॉटल उघडला तर नुसता आवाज वाढला. ती अवस्था किती धोक्याची असते हे त्या दिवशी पुरते कळले. घरी आल्यावर सगळे ऑइल काढून योग्य ऑइल भरले, तीनशे किलोमीटर चालवून तेही बदलले. घसरणे कमी झाले, पण थांबले नाही, कारण तोपर्यंत प्लेटा तापून गुळगुळीत झाल्या होत्या. शेवटी प्लेटा बदलाव्या लागल्या. मूळ दोष होता अंगठीएवढ्या एका रबरी सीलचा.

दुसरे नाते क्लच कव्हरवरच्या त्या दांडीचे आहे जिला केबल जोडलेली असते. तिचा शाफ्ट कव्हरमधून आत जातो आणि तिथे एक लहान सील असते. शाफ्ट आणि त्याची बैठक झिजली की शाफ्ट डुलू लागतो, सील फाटते, ऑइलचा ओघळ कव्हरवरून खाली येतो, आणि तोच शाफ्ट तिरका अडकून पूर्ण मागे येत नाही. इथे मात्र गळती आणि घसरणे खरोखर एकाच दोषाची दोन रूपे असतात.

तिसरे नाते पातळीचे. ऑइल फार कमी झाले तर प्लेटांना थंडावा मिळत नाही. आधीच थोड्या घसरणाऱ्या प्लेटा मग अधिक तापतात, स्टीलच्या प्लेटांवर निळसर डाग पडतात आणि त्या वाकतात.

ऑइलची पातळी तपासण्याची योग्य पद्धत कोणती?

गाडी मधल्या स्टँडवर, सपाट जागी उभी करावी. साइड स्टँडवर पातळी नेहमी चुकीची दिसते. इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद करावे आणि ऑइल खाली उतरेपर्यंत तेवढेच थांबावे. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ऑइलच्या झाकणाला जोडलेली मोजपट्टी पुसून, आटे न फिरवता, नुसती टेकवून पाहायची असते. आटे घट्ट केले तर पट्टी अधिक खोल जाते आणि पातळी आहे त्यापेक्षा जास्त वाटते. काही गाड्यांना, उदाहरणार्थ पल्सरच्या काही मॉडेलांना, काचेची खिडकी असते. तिथे ऑइल दोन खुणांच्या मध्ये दिसले पाहिजे.

कमाल खुणेच्या वर ऑइल भरणे हेही गळतीचे कारण ठरते. जास्तीचे ऑइल घुसळले जाते, आतला दाब वाढतो आणि ते ब्रीदर पाइपमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) एअर फिल्टरच्या डब्यात जाते किंवा एखाद्या थकलेल्या सीलमधून वाट काढते. लहान गाडीत एकूण ऑइल जेमतेम एक लिटर असते, त्यामुळे शंभर-दीडशे मिलीचा फरकही लहान नसतो.

गाडीखाली डाग दिसतो, पण तो कशाचा आहे हे कसे ओळखावे?

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा किंवा जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे आणि पुढचे चाक कुठे आहे याची त्यावर खूण करावी. सकाळी डागाची जागा, रंग आणि वास हे तिन्ही पाहावेत. इंजिन ऑइल तपकिरी ते काळे असते आणि बोटांत चोळल्यावर चिकट घसरडे लागते. पेट्रोलचा डाग वासाने कळतो आणि लवकर उडून जातो. कूलंट हिरवे, निळे किंवा गुलाबी असते आणि त्याला गोडसर वास येतो. ब्रेक फ्लुइड फिकट पिवळसर असते, पाण्याने धुतले जाते आणि रंगावर सांडले तर रंग फुगवते. पुढच्या चाकाजवळचा पातळ तेलकट डाग, आणि सोबत शॉकअबच्या चकचकीत नळीवर तेलाचे कडे, म्हणजे फोर्कचे सील गेले आहे. त्याचा क्लचशी संबंध नाही, पण ते तेल ब्रेकवर उतरू शकते, म्हणून त्याकडे दुर्लक्ष करू नये.

डाग इंजिन ऑइलचा आहे. गळतीची नेमकी जागा कशी शोधावी?

ऑइल जिथे ठिबकते तिथून ते बहुधा निघालेले नसते. ते वरून खाली उतरते, गाडी चालताना वाऱ्याने मागे ढकलले जाते, आणि सर्वांत खालच्या बोल्टाच्या टोकावर थेंब होऊन लटकते. म्हणूनच निष्कारण ड्रेन बोल्टावर संशय घेतला जातो, आणि तो पुन्हा पुन्हा आवळून त्याचे आटे घालवले जातात.

इंजिन थंड असताना खालचा सगळा भाग रॉकेल किंवा डिझेल आणि ब्रशने स्वच्छ धुवावा, पुसून पूर्ण कोरडा करावा. मग संशय असलेल्या सांध्यांवर अंगाला लावण्याची टाल्कम पावडर पातळ फुंकरून बसवावी आणि गाडी पंधरा-वीस मिनिटे चालवून आणावी. जिथून ऑइल निघते तिथे पांढऱ्या पावडरीत ओला तपकिरी ठिपका उमटतो आणि त्याच्या खाली ओघळ दिसतो. सर्वांत वरचा ओला ठिपका म्हणजे उगम. हेड कव्हर आणि टॅपेटच्या झाकणांपासून सुरुवात करून खाली यावे.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत क्लच उजव्या बाजूला असतो. तिथे क्लच कव्हरचे पॅकिंग, किक शाफ्टचे सील आणि क्लचच्या दांडीचे सील पाहावे. डाव्या बाजूला मॅग्नेट कव्हरचे पॅकिंग, गिअर शाफ्टचे सील आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचे सील असते. यांतील शेवटचे फसवे आहे. स्प्रॉकेटच्या झाकणाखाली चेनच्या ग्रीसचा आणि धुळीचा काळा थर असतोच, त्यामुळे तिथले ताजे ऑइल ओळखू येत नाही. झाकण काढून, थर खरवडून, मगच तिथे पाहावे. या जागेची गळती मी सर्वांत गंभीर मानतो, कारण ते ऑइल चेनवरून मागच्या टायरवर उडते. मागच्या टायरच्या कडेला ऑइलची ओल दिसली तर टायर साबणाने स्वच्छ होऊन गळती थांबेपर्यंत गाडी चालवू नये.

एमसील किंवा सिलिकॉन पेस्ट लावून गळती थांबवता येईल का?

प्रवासात अडकल्यावर घरी पोहोचण्यापुरते एमसील ठीक आहे. कायमचा उपाय म्हणून ते लावले तर पुढच्या वेळी कव्हर उघडताना ॲल्युमिनियमचा सांधा खरवडला जातो. सिलिकॉन पेस्टचा धोका आत असतो : कव्हर आवळताना जास्तीची पेस्ट आतल्या बाजूला दाबली जाते, तिचे तुकडे सुटतात आणि ऑइलच्या जाळीत जाऊन बसतात. मूळ गाडीत कागदी पॅकिंग असेल तर नवे कागदी पॅकिंगच बसवावे आणि दोन्ही सांधे जुन्या पॅकिंगच्या कणांपासून स्वच्छ करावेत.

ड्रेन बोल्टाखालचा वायसर ऑइल बदलताना दर वेळी नवा घालावा. आटे गेले असतील तर बोल्टाला टेफ्लॉन टेप गुंडाळण्यापेक्षा लेथवाल्याकडून नवे आटे पाडून किंवा बुश बसवून घेणे योग्य.

कव्हर उघडल्यावर कशाकडे पाहावे?

क्लचच्या आत दोन प्रकारच्या चकत्या आलटून पालटून रचलेल्या असतात : घर्षणाचे अस्तर असलेल्या प्लेटा आणि साध्या स्टीलच्या प्लेटा. त्या एकमेकींवर दाबून धरणाऱ्या चार किंवा अधिक स्प्रिंगा असतात. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे ढिले करत काढावेत. एकच बोल्ट आधी पूर्ण सोडला तर त्याची बैठक तुटू शकते.

बाहेर आलेला संच हातात घेऊन पाहावा. चांगल्या प्लेटेच्या अस्तरावर चौकोनी ठोकळे आणि त्यांच्यामधल्या खाचा स्पष्ट असतात, आणि अस्तराला बोट लावले तर बारीक खरखरीत लागते. जळालेली प्लेट काळी, काचेसारखी गुळगुळीत असते. खाचा जवळजवळ बुजलेल्या असतात आणि ऑइल पुसल्यावरही करपलेला उग्र वास जात नाही. तो वास एकदा घेतला की विसरत नाही. पुढे ड्रेन केलेल्या ऑइललाच तसा वास आला तर कव्हर उघडण्यापूर्वीच अंदाज येतो.

अस्तराच्या प्लेटेची जाडी व्हर्नियर कॅलिपरने तीन-चार ठिकाणी मोजावी आणि सर्व्हिस मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून पाहावी. नव्या आणि बाद प्लेटेतला फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच असतो, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. स्टीलच्या प्लेटा सपाट काचेवर ठेवून फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) वाक तपासावा. स्प्रिंगांची मोकळी लांबी मोजावी. एक जरी आखूड भरली तरी संपूर्ण संच बदलावा, कारण असमान दाबाने प्लेटा तिरक्या बसतात. प्लेटांचे कान ज्या खाचांत बसतात त्या बाहेरच्या भांड्याच्या कडांवर नखाला लागतील असे खड्डे पडले असतील, तर तो दोष बहुधा क्लच नीट न सुटण्याचा आणि झटके देण्याचा असतो, घसरण्याचा नव्हे.

प्लेटा स्वतः बदलता येतील का?

सरळ पाने, कॅलिपर आणि संयम असेल तर येतील. कव्हर उघडताना ऑइल आधी काढावे लागते. काही जण गाडी डाव्या बाजूला आडवी कलती करून ऑइल न काढताच काम करतात, पण त्यात पेट्रोल आणि जुन्या प्रकारच्या बॅटरीतले ॲसिड सांडण्याचा धोका असतो, म्हणून मी ती पद्धत सुचवत नाही. किक, फूटरेस्ट आणि ब्रेकचे पेडल हटवावे लागते. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्याच जागी ते खोचून ठेवावेत, म्हणजे लांब बोल्ट आखूड भोकात घालून केसिंग फोडण्याची वेळ येत नाही.

अस्तराच्या नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी त्याच इंजिन ऑइलमध्ये काही तास, शक्यतो रात्रभर, भिजत ठेवाव्यात. कोरड्या बसवल्या तर पहिल्या काही मिनिटांतच त्यांचे अस्तर जळू शकते. स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत. ६ मिलिमीटरच्या बोल्टाला साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात आणि त्याहून जास्त जोर लावला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. १०० सीसीच्या हिरो होंडा वंशातील इंजिनात याच कव्हरमागे क्रँकच्या टोकावर फिरणारा ऑइल फिल्टर असतो. तोही त्याच वेळी उघडून त्यातला गाळ काढावा. शेवटी केबलची मोकळीक पुन्हा नव्याने लावावी.

मधला मोठा नट सोडायचा असेल तर त्यासाठी खास पाना आणि हब धरणारे हत्यार लागते. छिन्नी-हातोड्याने तो नट सोडू पाहणाऱ्याकडे गाडी देऊ नये.

जुन्या बुलेटमध्ये काय वेगळे असते?

ओतीव लोखंडी सिलिंडरच्या जुन्या बुलेटमध्ये क्लच डाव्या बाजूच्या चेनकेसमध्ये असतो आणि त्याचे ऑइल इंजिनाच्या ऑइलपासून वेगळे असते. चेनकेसचे बाहेरचे झाकण मधल्या एकाच नटाने आवळलेले असते आणि कडेला रबरी पट्टी असते. ती रबर ताठरली किंवा झाकण थोडे वाकले की गळती सुरू होते. नट आवळत गेल्याने झाकण अधिकच वाकते, त्यामुळे रबर बदलणे आणि कडा सपाट करणे हाच उपाय आहे. चेनकेसमधले ऑइल गळूनही पातळी कमी न होता उलट वाढत असेल, तर क्रँकच्या बाजूने इंजिनाचे ऑइल आत येते आहे असा संशय घ्यावा. या गाडीत पातळी ठरलेल्या खुणेच्या वर गेली की क्लच घसरतो.

टू-स्ट्रोक गाडीत गिअर ऑइल कमी होते, पण जमिनीवर थेंबही पडत नाही. ते जाते कुठे?

आरएक्स १०० सारख्या गाडीत क्लचच्या बाजूचे क्रँकचे सील गेले की गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जाते आणि पेट्रोलबरोबर जळते. सायलेन्सरमधून नेहमीपेक्षा दाट धूर येतो आणि त्याला गिअर ऑइलचा जड वास असतो. बाहेरून कितीही पुसले तरी ही गळती सापडणार नाही. सीलच बदलावे लागते.

कोरडा क्लच असलेल्या गाड्यांत गळतीने क्लच घसरतो का?

हो, आणि तिथे नाते सरळ आहे. बीएमडब्ल्यूच्या हवेवर आणि ऑइलवर थंड होणाऱ्या जुन्या बॉक्सर इंजिनांत कोरडा क्लच असतो. क्रँकचे मागचे सील किंवा गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे सील गळले की ऑइल थेट चकतीवर येते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली ऑइलची ओल दिसणे आणि क्लच घसरणे एकत्र आले, तर चकती आणि सील दोन्ही एकाच वेळी बदलावीत. तेलाने भिजलेली चकती धुऊन पुन्हा वापरता येत नाही.

हायड्रॉलिक क्लचमध्ये फ्लुइड गळत असेल तर क्लच घसरतो का?

सहसा नाही. या क्लचमध्ये केबलऐवजी फ्लुइडच्या दाबाने क्लच सुटतो. फ्लुइड गळले की दाब तयार होत नाही, लिव्हर मऊ लागते आणि क्लच सुटत नाही. गिअर जड पडतात. हायाबुसासारख्या गाडीत घसरणे आणि फ्लुइडचा डाग एकत्र दिसले तर दोन वेगळे दोष मानून तपास करावा. मात्र मास्टर सिलिंडरमधले (लिव्हरजवळच्या, दाब तयार करणाऱ्या सिलिंडरमधले) परतीचे बारीक छिद्र गाळाने बुजले तर गरम झालेले, प्रसरण पावलेले फ्लुइड टाकीत परत जाऊ शकत नाही, दाब अडकून राहतो आणि क्लच घसरतो. थंड असताना गाडी ठीक चालते आणि तापल्यावर घसरते, हे त्याचे लक्षण. इंजिनाकडच्या सिलिंडरची ब्लीड निप्पल (फ्लुइड आणि हवा बाहेर सोडण्याची लहान तोटी) क्षणभर सैल केल्यावर घसरणे थांबले तर निदान पक्के झाले.

फ्लुइडच्या टाकीच्या झाकणावर डॉट ४ (ब्रेक फ्लुइडचा एक दर्जा) लिहिले असेल तर तेच भरावे. काही गाड्यांत खनिज तेल लागते, आणि या दोहोंची अदलाबदल केली तर सगळी रबरी सीले फुगून निकामी होतात.

घसरणाऱ्या क्लचवर घरापर्यंत जाता येईल का?

केबलची मोकळीक वाढवून पाहावी. कारण तेच असेल तर दोष तिथेच मिटेल. नसेल तर मागचा माणूस आणि सामान उतरवावे, थ्रॉटल हलकाच उघडावा आणि सपाट रस्ता धरावा. चढावर खालच्या गिअरमध्ये क्लचवर भार कमी येतो, म्हणून चौथ्यात ओढत बसू नये. दर काही किलोमीटरला थांबून इंजिन निवू द्यावे. समोर कसारा किंवा खंबाटकीसारखा घाट असेल तर गाडी टेम्पोत टाकून न्यावी.

काढलेल्या ऑइलचे काय करावे?

ते गटारात किंवा मातीत ओतू नये. जुन्या डब्यात भरून, झाकण लावून, ज्या गॅरेजमधून वापरलेले ऑइल पुनर्प्रक्रियेसाठी उचलले जाते तिथे द्यावे. डब्यात भरण्यापूर्वी मात्र ते एका पांढऱ्या ताटलीत थोडे ओतून उन्हात पाहावे. अस्तराचे काळे कण आणि ॲल्युमिनियमची चमकणारी पूड त्यात दिसली तर क्लच पुन्हा उघडण्याची वेळ जवळ आली आहे असे समजावे, आणि दुधाळ रंग दिसला तर आत पाणी गेले आहे.